अकरावी पायरी

सोमवार ते बुधवार मी पेणला बसायची आणि गुरुवार-शुक्रवार रोह्याला. संस्था एकच, आणि खोल्या दोन्हीकडे सारख्याच गैरसोयीच्या. पेणची खोली एका कापडदुकानाच्या वर होती. जिना इतका उभा की ज्या मुलांना धड चालता यायचं नाही त्यांना आईबाप पाठुंगळी घेऊन वर आणायचे, आणि मग पहिली दहा मिनिटं त्यांचा दम खाली बसण्यात जायची. रोह्याची खोली तळमजल्यावर होती, पण पावसाळ्यात तिथं भिंतीला टेकलं की पाठ ओली व्हायची. चांगल्या खोल्या ज्यांच्या रोग्यांना गुण येतो त्यांना मिळतात. आमच्याकडे कोणाला गुण येत नसतो.

दारावर माझ्या पदाची लांबलचक पाटी होती. ती कोणी पुरती वाचल्याचं मला आठवत नाही. लोक मला 'डोक्याची म्याडम' म्हणायचे. माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे बोलणंही तसंच. एकदा नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांना मी 'बसा' म्हटलं, तर ते उभ्यानंच म्हणाले, "म्याडम, तुमी बसा बोलता तरी मानसाला वाटतं, आपलं काय चुकलं." मी हसले. पुढे बरीच वर्षं मी 'बसा' म्हणायच्या आधी थोडं हसून घ्यायची.

माझं काम असं की दहा-बारा ते पंचविशीपर्यंतची जी मुलं-मुली समजुतीनं मागे राहिलेली असतात त्यांची बुद्धी मोजायची, तसं कागदावर लिहून द्यायचं, आणि जे शिकवता येईल ते शिकवायचं. पहिल्या दोन गोष्टींसाठी रांग लागायची. तिसरीसाठी कोणी यायचं नाही. आईबाप एकच विचारायचे, "ही बरी कवा व्हईल?" त्यावर माझं उत्तर ठरलेलं होतं. हा आजार नाही, त्यामुळे बरं होणं नाही, पण शिकणं आहे, असं मी सांगायची. पुष्कळ वर्षं मी हे ठासून सांगितलं. आता पहिला अर्धा भाग सांगते आणि पाण्याचा ग्लास पुढे करते.

ती मुलगी आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हायवेवरच्या गडबच्या आतल्या अंगाला तिचं गाव. घरची भातशेती, भात निघालं की त्याच रानात वाल. बाप कंपनीत कंत्राटावर, शिफ्टला जाणारा. त्याला मी कधीच पाहिलं नाही. आई मात्र जिना चढून आली ती थेट माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला कागद नको. पत्र पायजे."

कसलं पत्र, ते तिनं मुलीसमोरच सांगितलं. मुलीची गर्भाची पिशवी काढून टाकायची होती. नात्यातल्या कोणी तरी एक डॉक्टर सांगितला होता, आणि त्या डॉक्टरनं म्हटलं होतं की हिला काही कळत नाही असं डोक्याच्या डॉक्टरचं पत्र आणा, म्हणजे आम्हाला काळजी नाही. कारण काय, तर मुलगी पाळीचे कपडे लपवायची. कुठेही लपवायची. गेल्या महिन्यात ते तांदळाच्या कणगीत सापडले. आईच्या सासूनं कणगीच्या कणगी गुरांपुढे ओतली आणि आठ दिवस सुनेशी बोलली नाही.

"मी शेतावर जाते, तवा ही घरात एकटी," आई म्हणाली. "उद्या काय झालं म्हंजे? कोनी काय केलं म्हंजे? तिला सांगता पन येनार नाय."

मुलगी तोवर माझ्या टेबलावरचे लाकडी ठोकळे घेऊन बसली होती. रंगांची तिला पर्वा नव्हती. ती फक्त ज्या ठोकळ्यांचे कोपरे झिजले होते ते वेगळे काढत होती आणि प्रत्येकावरून अंगठा फिरवत होती. बोलताना शब्द अर्धे गिळायची. वीसपर्यंत मोजायची, पण सोळा नेहमी वगळून. मोजमाप करायला मला दोन बैठका लागल्या, आणि आकडा आला तो मला पहिल्या दहा मिनिटांत दिसलाच होता.

मी पत्र द्यायचं नाकारलं. चढ्या आवाजात नाकारलं, कारण मला राग आला होता. धडधाकट मुलीच्या पोटातला अवयव तांदळासाठी काढायचा, असं काहीसं मी बोलले. आई उठून जायला निघाली तेव्हा मला भान आलं. मी तिला जिन्यावर गाठलं आणि सहा महिने मागितले. सहा महिन्यांत मुलगी स्वतःचं स्वतः करायला शिकली, तर ऑपरेशन नाही. नाही शिकली तर तिनं काय करायचं ते करावं.

आई दोन पायऱ्या खाली उभी होती. "सहा म्हयने," ती म्हणाली. "मंग मी कोनाचं ऐकनार नाय."

आमच्यात अशा मुलांना शिकवायची एक पद्धत असते. कामाच्या लहान लहान पायऱ्या पाडायच्या आणि शेवटून शिकवायला सुरुवात करायची. शर्ट घालायला शिकवायचा तर आपण सगळा घालून द्यायचा आणि शेवटचं बटण तेवढं मुलानं लावायचं. लावलं की शाबासकी. ते जमलं की शेवटची दोन, मग तीन. अशानं मूल दर वेळी काम पुरं करूनच थांबतं, अर्ध्यात हरून थांबत नाही. या पद्धतीत शेवटची पायरी सगळ्यात जास्त वेळा होते, त्यामुळे ती सगळ्यात पक्की बसते.

पाळीच्या कामाच्या मी अकरा पायऱ्या पाडल्या. डाग दिसला की ओळखायचं, इथपासून कागदात गुंडाळून डब्यात टाकायचं, हात धुवायचे, इथपर्यंत दहा. अकरावी पायरी म्हणजे जवळच्या बाईला सांगायचं. ही मी मुद्दाम घातली. मुलीचा सगळा घोळ लपवण्यातूनच झाला होता. तिनं सांगायला लागावं, कोणाला तरी कळावं, म्हणजे लपवायची गरजच उरणार नाही, असा माझा विचार होता. या विचारात चूक होती असं आजही कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

म्हणून आम्ही पहिल्या दिवशी सुरुवात केली ती सांगण्यापासून. मी पॅडवर लाल अळित्याचे थेंब टाकायची. मुलीला त्याचं फार हसू यायचं. आई भिंतीकडे तोंड करून बसायची. बाकीचं मी करून दाखवायची आणि मुलीनं फक्त माझ्यापुढे उभं राहून सांगायचं. ती ओठातल्या ओठात काही तरी पुटपुटायची. मी म्हणायची, "ऐकू आलं नाही. मोठ्यानं." ती परत पुटपुटायची. "अजून मोठ्यानं." तीन आठवडे नुसतं हेच चाललं. मग एका बुधवारी तिनं मान वर केली आणि खालच्या कापडदुकानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी पाळी आली. मी सगळं नीट केलं."

मी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. आई पहिल्यांदा वळली आणि हसली. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर इतकी खूश होते की वाटेत उभी राहून उसाचा रस प्यायले.

शिमग्यानंतर तिला कामही मिळालं. त्यांच्या गावातली एक बाई पेणजवळच्या गणपतीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं जात होती. मुलगी तिला काकी म्हणायची. आई शेतावर असताना पोरगी एकटी राहू नये म्हणून काकी तिला सहा आसनी रिक्षात घालून सोबत नेऊ लागली. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्तीला सांध्यांच्या रेघा असतात, खडबडीतपणा असतो. तो पॉलिश पेपरनं घासून काढायचं काम बायका करतात. कारखान्याचे शेठ मला म्हणाले की बाकीच्या बायका मूर्तीचं तोंड, पोट, हात नीट घासतात आणि पाठीला आलं की उरकतात, कारण पाठ कोण बघतो. ही पोरगी पाठीवरही तेवढाच वेळ घालवते. मग त्यांनी तिला पाठीच द्यायला सुरुवात केली. दिवसभर ती ओळीनं उभ्या केलेल्या पांढऱ्या पाठींवरून हात फिरवत असायची आणि कुठे खरखर लागली की तिथंच थांबायची.

मी एकदा कारखाना बघायला गेले. अशा ठिकाणी काय बघायचं याची माझी यादी असते. जिन्याला कठडा आहे का, रंगाचे डबे कुठे ठेवतात, संडासाला आतून कडी आहे का. तोंडाला बांधायला फडकं देता का, असंही मी विचारलं. सगळं ठीक होतं. बायका मोप होत्या, सगळ्या वयाच्या. मी काकीला बाजूला घेऊन अकरावी पायरी समजावली, की मुलगी तुम्हाला येऊन सांगेल, तेव्हा तिला रागावू नका. काकी म्हणाली, "सांगू दे की. मी हाय." मी सहज विचारलं, इथं सुट्ट्या कशा असतात? ती म्हणाली, "सीझनला खाडा चालत नाय म्याडम. समद्या रोज येतात."

समद्या रोज येतात, हे मी ऐकलं आणि मनाशी पक्कं केलं की म्हणजे इथं ते बाजूला बसणं वगैरे काही नाही. गणपतीचा कारखाना असूनही नाही. मला कौतुक वाटलं, आणि ते मी परत येऊन चार जणांना सांगितलंही.

फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. दर महिन्याला मुलगी सगळं नीट करत होती आणि काकीला सांगत होती. काकी म्हणायची, "बरं गो, शानी हायेस." घरी ती आईला सांगायची. कपडे लपवणं बंद झालं. आषाढात सहा महिने पुरे झाले तेव्हा आई सुक्या वालांची पुरचुंडी घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "म्याडम, ते पत्राचं ऱ्हाऊ दे." मला भरून आलं. माझ्या सगळ्या नोकरीत असं कोणी म्हणालेलं नव्हतं. संस्थेच्या बैठकीत मी या मुलीची हकिगत सांगितली, पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावून सांगितली, आणि लोकांनी माना डोलावल्या.

श्रावणात जे झालं तेव्हा मी तिथं नव्हते. मला ते आधी शेठनं सांगितलं, मग काकीनं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

मुंबईच्या एका मंडळाची चार माणसं मोठी मूर्ती बघायला आली होती. शेठ त्यांना दाखवत होते. काकी मूर्तीवरचं कापड धरून उभी होती. तेवढ्यात मुलगी मागच्या बाजूनं आली. हात धुतलेले, ओले. काकीसमोर उभी राहिली, मान वर केली आणि मोठ्यानं, स्पष्ट म्हणाली, "काकी, माझी पाळी आली. मी सगळं नीट केलं."

त्या चौघांपैकी एकानं मूर्तीपुढे हात जोडलेले होते, ते त्यानं खाली घेतले. दुसऱ्यानं विचारलं, ही इथं काम करते का? आणि मग विचारलं, मग बाकीच्या बायकांचं कसं असतं तुमच्याकडे?

शेठ काही वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे बोलला. "म्याडम, मूर्ती घरी गेली, पूजा झाली, म्हंजे देव. हितं हाय ते प्लास्टर. मला कळत नाय असं नाय. माझी आई म्हयन्याचे तीसच्या तीस दिवस हितं बसून रंग मारायची. पन ते कवा कोनी तोंडानं बोललं नाय. आता बोलल्यावर मी काय करू? मला त्या लोकांसमोर बोलायला लागलं, की आमच्याकडे बायका त्या दिवसांत येत नाय. बोललो, म्हंजे आता तसं करायला लागनार."

तसं त्यानं केलंही. सीझन संपेपर्यंत बायकांनी त्या चार दिवसांत यायचं नाही असं ठरलं. ऐन श्रावणात, कामाच्या गर्दीत, प्रत्येक बाईचे चार दिवस बुडाले, आणि कुठली बाई कधी आली नाही ते आता कारखान्यातल्या सगळ्या पुरुषांना कळू लागलं. मुलीला यायचंच नाही म्हणून सांगितलं गेलं. ते शेठनं सांगितलं नव्हतं, बायकांनी सांगितलं होतं.

काकी मला फाटकाशी भेटली. मी काही बोलायच्या आत ती बोलली. "इतकी वर्सं आमी चूप ऱ्हायलो म्हनून चाललं. तुमी तिला बोलायला शिकवलंत. आमाला एकदा इचारायचं व्हतं, म्याडम."

मी विचारलं नव्हतं. संडासाची कडी विचारली होती, तोंडाचं फडकं विचारलं होतं. समद्या रोज येतात म्हणजे काय, हे पंधरा-वीस बायका असलेल्या त्या जागेत कुठलीही बाई मला दोन वाक्यांत सांगू शकली असती. मी स्वतः बाई आहे. माझ्या माहेरीही आम्ही बहिणी सणासुदीला आईशी खोटं बोलून देवघरात वावरलो आहोत. तरी मला सुचलं नाही. तिथं मी बाई म्हणून गेलेच नव्हते, यादी घेऊन गेले होते. या गोष्टीची मला अजून लाज वाटते, आणि ती कमी झालेली नाही.

मी शेठला म्हटलं, मी तिला पुन्हा शिकवते. बोलायचं नाही, नुसती खूण करायची, ओढणीला हात लावायचा, काकी ओळखेल. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. त्या 'बघू'चा अर्थ त्यालाही माहीत होता आणि मलाही.

तरी मी शिकवायला बसले. शिकवलेलं काढून घ्यायचीही आमच्याकडे पद्धत असते. मूल ती गोष्ट करू लागलं की लक्ष द्यायचं नाही, चेहरा दुसरीकडे वळवायचा, शाबासकी द्यायची नाही. हळूहळू ती गोष्ट गळून पडते. मुलगी माझ्यापुढे उभी राहायची, शिकवल्याप्रमाणे ओढणीला हात लावायची, आणि मग तिला वाटायचं काम अर्धंच झालं, म्हणून म्हणायची, "माझी पाळी आली." मी चेहरा खिडकीकडे वळवायची. ती थोडा वेळ वाट बघायची. मग तिला वाटायचं मला ऐकू आलं नाही, आणि ती आणखी मोठ्यानं सांगायची.

असं आम्ही महिनाभर केलं. खिडकीतून खालचा रस्ता दिसायचा. गणपती झाकून नेणारे टेम्पो सारखे जात होते. शेवटच्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन इतक्या जवळून ओरडली की मी दचकले, आणि तिनं स्वतःच टाळ्या वाजवल्या, मी वाजवत नाही म्हणून. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, पुरे. बरोबर आहे. शाब्बास. मला पुढे शिकवणं झालं नाही.

मग ती घरीच राहिली. पहिल्यासारखीच एकटी, आई शेतावर, बाप कंपनीत, आजी ओसरीवर झोपलेली. पण आता तिला सांगायची सवय लागलेली होती, आणि दुपारी सांगायला जागी असलेली बाई कोणी नव्हती. भाद्रपद सरता सरता एका दुपारी ती गावातून चालत हायवेवर आली, गडबच्या नाक्यावरच्या दुकानांपाशी. तिथं टपरीवर सात-आठ पुरुष चहा पीत बसले होते. तिनं त्यांना सांगितलं. ते हसले. तिला वाटलं त्यांना आवडलं. तिनं परत सांगितलं. त्यातल्या एकानं तिला मोटरसायकलवर बसवून घरी सोडलं. नुसतं घरी सोडलं, एवढंच, असं आई म्हणाली. पण दोन दिवसांनी तोच माणूस पुन्हा घरावरून गेला आणि त्यानं गाडीचा वेग कमी केला, तेही आईनं पाहिलं.

आई एकटीच माझ्याकडे आली. या वेळी खुर्चीवर बसली नाही.

"आधी लपवायची, तवा भ्या वाटायचं. आता सांगते, त्याचं जास्त भ्या वाटतं," ती म्हणाली. "गावभर समद्यांना म्हाईत झालं, पोरगी कवा काय हाय ते. म्याडम, तुमी चांगल्यासाठी केलंत. पन तुमी बुधवारी घरी जाता."

मी बोलले. खूप बोलले. कायदा सांगितला, पोरीचा जीव सांगितला, ऑपरेशननं तो माणूस यायचा थांबणार नाही हे सांगितलं. उलट काही झालं तर कळणारही नाही, हे सांगितलं. हे शेवटचं बोलले तेव्हा आईचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो विचार केलेला होता. माझ्याही आधी केलेला होता.

"अजून सहा महिने द्या," मी म्हटलं. मला ते शब्द तोंडातून निघतानाच खोटे वाटले.

"दिले की," ती म्हणाली. "एकदा दिले."

ऑपरेशन भातकापणी झाल्यावर केलं. माझं पत्र लागलं नाही. डॉक्टर दुसरा गाठला असावा, किंवा तोच पत्राशिवाय तयार झाला. मला कळलं तेव्हा होऊन महिना उलटला होता. तक्रार करायची असं मी दोन-तीनदा ठरवलं. लिहायला बसले की पहिल्या ओळीत आईचं नाव घालावं लागायचं. मी ती तक्रार केली नाही. करायला हवी होती असं म्हणणारे लोक मला पुढे भेटले, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

त्याच हिवाळ्यात संस्थेनं पेणची खोली सोडली. शिकायला लोक येत नाहीत, असं कारण देण्यात आलं. पेणच्या बाजूच्या माणसांनी आता रोह्याला यायचं ठरलं. रोह्याच्या गाडीला थेट जिते स्टेशनापासूनचे आईबाप मुलांना धरून बसलेले असायचे, स्टेशनापासून माझ्या खोलीपर्यंत चालत यायचे आणि अर्ध्या तासात परतीच्या गाडीची चौकशी सुरू करायचे. ही मायलेकही माघात तशीच आली, प्रमाणपत्र नवीन करून घ्यायला.

मुलगी थोडी सुटली होती. माझ्या टेबलावर ठोकळे होते, पण तिनं हात लावला नाही. मी तिला विचारलं, बरी आहेस का? ती म्हणाली, "पोटात फोडा व्हता. डॉक्टरनी काढला." मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "म्याडम, पाळी अजून नाय आली. आली का सांगते."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, सांगू नका अशी. मी सांगितलं नाही. मुलीचा हात हातात घेऊन म्हटलं, बरं. त्या 'बरं'साठी मी स्वतःला कधी माफ करू शकलेले नाही, आणि दुसरं काय म्हणायला हवं होतं तेही मला अजून सुचलेलं नाही.

मी कागद भरून दिला. त्या बाहेर गेल्या. गाडीला वेळ होता, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. दार अर्धं उघडं होतं. बाकावर धाटावकडची एक बाई आपल्या मुलीला घेऊन नंबरची वाट बघत होती. पहिल्यांदाच आलेली. मला त्यांचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. धाटावची बाई विचारत होती, ही म्याडम कशी आहे, काय करते, पोरीला शिकवते म्हणतात ते खरं का.

"म्याडम लय चांगली हाय," गडबच्या मुलीची आई म्हणाली. "शिकवते पन. माझ्या पोरीला किती शिकवलंन. पन तू ऐक गो माझं. त्यात टाइम घालवू नको. आधी ते करून घे, मंग शिकव काय शिकवायचं ते." आणि तिनं डॉक्टरचा पत्ता सांगितला. सावकाश सांगितला, कुठली रिक्षा, कुठे उतरायचं, सकाळी किती वाजता गेलं तर नंबर लागतो. तिच्या आवाजात माया होती. दुसऱ्या बाईला आपल्यासारखा त्रास होऊ नये म्हणून ती सांगत होती. धाटावच्या बाईनं ते सगळं मागून म्हणून दाखवलं, पाठ झालं का बघायला.

मग तिचा नंबर आला. मी थोडं हसून 'बसा' म्हटलं. दोघी बसल्या. मुलगी लहानखुरी, दोन वेण्या, खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते. मी कोरी वही उघडली आणि तिचं वय विचारलं.

"बारा संपलं," आई म्हणाली, आणि दाराकडे एकदा बघून खालच्या आवाजात मला विचारलं, "म्याडम, एवढ्या लहानपनी करतात का वो?"